आधी मोजा, मग इंजिन खोला

ऑइल प्रेशरचा काटा खाली आला की जुन्या गाडीचा मालक धास्तावतो, आणि धास्तावलेल्या माणसाला ‘इंजिन खोलावंच लागेल’ हे वाक्य फार लवकर पटतं. मग इंजिन उतरतं, क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला जातो, नवी बेअरिंगं बसतात, मोठं बिल होतं आणि थोड्याच दिवसांत काटा पुन्हा पूर्वीच्याच जागी येऊन बसतो. कारण दोष जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या बोटभर स्प्रिंगमध्ये असतो आणि तिला कोणी हात लावलेला नसतो. ऑइल प्रेशरच्या तक्रारीत इंजिन खोलणं ही शेवटची पायरी आहे. तिच्याआधीच्या पायऱ्या स्वस्त आहेत, घरच्या अंगणातही करता येतात आणि त्यांचा क्रम चुकवला तर निदानच चुकतं.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की दोन इंजिनं डोळ्यांपुढे येतात. एक अँबॅसडरचं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं हे १४८९ सीसीचं इंजिन, तीन मेन बेअरिंगचं. त्याचाच मोठा भाऊ, १७९८ सीसीचा, १९६२ ते १९८० या काळात एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्ये बसत होता. दुसरं इंजिन पद्मिनीचं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडली आणि पुढे तीच पद्मिनी झाली. तिचं १०८९ सीसीचं इंजिन, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं, मुळात १९३७ सालच्या फियाटमधलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. टॅक्सींबरोबर या इंजिनांवर रोज हात चालवणारे मिस्त्रीही कमी होत चालले आहेत. कानाने दोष ओळखणारी ती पिढी हाताशी नसताना मोजमापावर भर द्यावा लागणार, हे मालकांनी आता मनाशी पक्कं करायला हवं.

मुळात प्रेशर म्हणजे काय, हे स्पष्ट झालं की अर्धा गोंधळ संपतो. ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल पुढे ढकलतो. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबल्यावर पाणी जोरात उडतं, तसा प्रवाहाला अडथळा झाला की प्रेशर तयार होतं. इंजिनात हा अडथळा म्हणजे बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधली बारीक फट आणि ऑइलचा स्वतःचा दाटपणा. या फटीतून गळणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट. म्हणूनच सुरुवातीची कित्येक वर्षं काटा हलत नाही आणि झीज एका टप्प्यापलीकडे गेली की तो झपाट्याने खाली येतो.

आता दुसरी बाजू, जी सहसा सांगितली जात नाही. काट्यावर दिसणारं प्रेशर शाफ्टला तोलून धरत नाही. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर या इंग्लिश अभियंत्याने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगमध्ये वरून ऑइल सोडायला त्याने भोक पाडलं, तर आस फिरताना त्याच भोकातून ऑइल उलट वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली. शेवटी तिथे प्रेशर गेज लावलं, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांची मर्यादा ओलांडून गेला, आणि आसावरचा सरासरी भार मात्र त्याच्या निम्माच होता. १८८६ साली ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं: फिरणारा शाफ्ट स्वतःच ऑइलला पाचरीसारख्या फटीत ओढतो आणि त्या पापुद्र्यातलं प्रेशर स्वतःच निर्माण करतो. पंपाचं काम त्या फटीला ऑइल कमी पडू न देणं, एवढंच. त्यामुळे रिकाम्या चालीवर, म्हणजे आयडलवर, काटा १५ पौंडांवर उतरला म्हणून बेअरिंग जळत नाही. एमजीबीच्या कारखान्याने छापलेल्या मार्गदर्शिकेत गरम इंजिनाला चालताना ५० ते ८० पौंड आणि आयडलवर १० ते २५ पौंड हे प्रेशर ठीक मानलं आहे. ते आकडे अँबॅसडरला जसेच्या तसे लावू नयेत, पण अंदाजाला उपयोगी आहेत. शर्यतीच्या गाड्यांवर काम करणारे लोक मिनिटाच्या दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड असा ठोकताळा वापरतात. घरच्या गाडीला तो पुरून उरतो.

पहिला संशय इंजिनावर घ्यायचा नाही, तो काट्यावर घ्यायचा. पद्मिनीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा असतो. असा दिवा प्रेशर किती ते सांगत नाही, ते फार खाली गेलंय एवढंच सांगतो. त्याचा स्विच बिघडला, वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तरी तो पेटतोच. स्विचची वायर काढा. दिवा विझला तर वायरिंग ठीक, तरीही पेटलेला राहिला तर वायर कुठेतरी अर्थ होते आहे. विजेवर चालणारा गेज असेल तर सेंडरचा, म्हणजे इंजिनावरून गेजला संदेश पाठवणाऱ्या भागाचा, अर्थ बघा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे घालून सेंडर बसवण्याची सवय फार पसरली आहे, आणि त्या टेपने अर्थ तुटून काटा खोटं बोलू शकतो.

या सगळ्यावरचा उपाय एकच: साधा यांत्रिक गेज. वाकवलेली पितळी नळी प्रेशरने सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते, ही रचना उजेन बूर्दाँ यांनी १८४९ साली पेटंट केली आणि आजही तिच्याहून भरवशाचं काही नाही. स्विच काढून त्या जागी हा गेज तात्पुरता जोडायचा. आटे ब्रिटिश आहेत की मेट्रिक ते आधी तपासा. ‘जवळपास बसतो’ म्हणून चुकीचा अडॅप्टर घुसवला की ब्लॉकचे आटे जातात आणि नसलेलं दुखणं उभं राहतं. गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवून पूर्ण गरम करा, मग आयडलला, २००० आणि ३००० फेऱ्यांना किती प्रेशर आहे ते कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर तेच आकडे पुन्हा घ्या. जुन्या गेजांवर किलोचे आकडे असतात. चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे साधारण १४ पौंड, हे लक्षात असू द्या, कारण मिस्त्री ‘तीन किलो आहे’ म्हणतो तेव्हा तो चांगली बातमी देत असतो. आयडलच्या फेऱ्याही मोजून घ्या. कार्ब्युरेटर खाली लावून इंजिन ५०० फेऱ्यांवर लटपटत ठेवलं असेल तर दिवा लुकलुकणारच. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं काम आहे, पान्यांचं नव्हे.

काटा खरं बोलतोय हे ठरलं की पाळी ऑइलची, आणि इथे घाई करू नये असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. २०डब्ल्यू-५० ऑइलचा दाटपणा ४० अंशांना साधारण १६० सेंटिस्टोक असतो. १०० अंशांना तो १८ च्या आसपास येतो, म्हणजे जवळपास नववा हिस्सा. मे महिन्यात घाट चढताना रेडिएटर अर्धवट चोंदलेला असेल तर ऑइल त्याहूनही तापतं आणि काटा खाली येतो. तो दोष पाण्याच्या बाजूचा आहे. रेडिएटर साफ केल्यावर प्रेशर जागेवर येतं आणि बेअरिंगांना उगाच बोल लावला गेला होता हे कळतं. हल्लीच्या गाड्यांसाठीचं ५डब्ल्यू-३० ‘सिंथेटिक आहे, भारी आहे’ म्हणून या इंजिनांत कोणी घातलं असेल तर तिथेही शोध संपला. ५० ग्रेडला १०० अंशांवर किमान १६.३ सेंटिस्टोक लागतात, तर ३० ग्रेड १२.५ च्या खालीच असतो. जुन्या फटींना तो पातळ पडतो.

डिपस्टिक काढून नुसती पातळी बघून थांबू नका, वास घ्या. या गाड्यांचा पेट्रोल पंप बहुधा यांत्रिक, ब्लॉकला चिकटलेला असतो आणि कॅमशाफ्टवर चालतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. पातळी कमी होण्याऐवजी वाढते, मालक खूश होतो की गाडी ऑइल खात नाही, आणि आत ऑइल पाण्यासारखं पातळ होत जातं. वाढलेली पातळी हे माझ्या मते घटलेल्या पातळीपेक्षा जास्त गंभीर लक्षण आहे. पेट्रोलचा वास आला तर तशी गाडी चालवू नये. पडदा बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मग प्रेशर पुन्हा मोजा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत येतं आहे आणि हेड गॅस्केटकडे वळावं लागेल. पातळी नुसती भरमसाट भरल्याने वाढली असेल तरी फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलचा फेस करतो, आणि पंपाने फेस ओढला की काटा थरथरतो.

एवढं झाल्यावर कागदावरचे आकडे बोलू लागतात. थंडीत उत्तम, गरम झाल्यावर आयडलला फार कमी, पण वेग वाढवला की पुन्हा चांगलं, असं असेल तर फटी वाढल्या आहेत, म्हणजे झीज. आयडलला ठीक पण फेऱ्या वाढवल्या तरी काटा एका आकड्यावर अडकून राहतो, तर रिलीफ व्हॉल्व्ह ठरलेल्या प्रेशरच्या आधीच उघडतो आहे. सगळीकडेच कमी असेल तर पंप, चेंबरमधली जाळी, किंवा उघडाच अडकलेला व्हॉल्व्ह. वेग वाढवल्यावर प्रेशर उलट पडत असेल तर जाळी चोंदली आहे किंवा पंपाकडे येणाऱ्या नळीच्या जोडातून हवा ओढली जाते आहे. वळणावर काटा पडतो तेव्हा बहुतेक वेळा ऑइलच कमी असतं. सकाळी सुरू केल्यावर काटा वर यायला बराच वेळ लागत असेल तर फिल्टर रात्रभरात रिकामा होतो आहे, नाहीतर पंप झिजल्यामुळे त्याला ऑइल ओढायला वेळ लागतो आहे.

रिलीफ व्हॉल्व्हवर मी जास्त वेळ घालवेन, कारण तो स्वस्त आहे, बाहेरून काढता येतो आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. बी-सिरीज इंजिनात ब्लॉकच्या मागच्या भागात डाव्या बाजूला एक घुमटाकार षटकोनी टोपण दिसतं. ते उघडलं की स्प्रिंग आणि पिस्टनसारखा छोटा व्हॉल्व्ह हातात येतो. एमजीबीच्या इंजिनात तो ७० पौंडांच्या आसपास उघडतो आणि त्याची मोकळी स्प्रिंग ३ इंच लांब असते. वर्षानुवर्षं दबून ती आखूड झालेली असते. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये कार्बनचा एक कण किंवा धातूचा एक बारीक कीस अडकला तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि बेअरिंगांकडे जायचं ऑइल चेंबरमध्ये परत वाहून जातं. बाहेर काढा, रॉकेलने धुवा, तोंडावर गोल आणि अखंड चकाकी आहे का बघा. चकाकी तुटक असेल तर व्हॉल्व्ह बैठकीवर हलक्या पेस्टने घासून बसवावा लागतो. त्या पेस्टचा अंशही आत राहता कामा नये. टोपणाखालचे वॉशर नवे घाला. एका दुपारचं काम आहे, आणि अनेकदा एवढ्यानेच इंजिन उतरवण्याची वेळ टळते.

इथेच एका गैरसमजाचं निराकरण करायला हवं. प्रेशर कमी आलं की स्प्रिंगखाली वॉशर टाकून ती कडक करण्याचा सल्ला हमखास मिळतो. विचार करा: व्हॉल्व्ह ७० पौंडांना उघडतो आणि गरम इंजिनाचं प्रेशर २५ पौंडच आहे, तर तो आधीच मिटलेला आहे. मिटलेलं दार आणखी घट्ट दाबून आत काही वाढत नाही. वाढतं ते फक्त सकाळचं थंड प्रेशर, आणि तो भार फिल्टरच्या गॅस्केटवर आणि पंपाच्या गिअरवर पडतो. ऑइल दाट करणारी पुडी किंवा बाटली ओतून काटा वर आणणं हाही निदानाचा शत्रूच. काटा वर येतो, झीज तिथेच राहते आणि थंड इंजिनात ऑइल पोचायला उशीर होतो तो वेगळा.

व्हॉल्व्ह निर्दोष ठरला की चेंबर उतरवायचा. बी-सिरीजमध्ये पंप ब्लॉकला खालून लागलेला असल्याने तो आणि जाळी एकाच खेपेत समोर येतात. जाळीत काय सापडतं ते नीट बघा. काळा, गोंदासारखा गाळ ऑइल बदलायची हेळसांड सांगतो. निळे-लाल रबरी धागे दिसले तर मागच्या दुरुस्तीत कोणीतरी सिलिकॉनचा हात सढळ ठेवला होता. चेंबर बसवताना आतल्या बाजूला दाबलं गेलेलं सिलिकॉन तुटून नेमकं जाळीवर जाऊन बसतं. गाळ हातानेच काढा. फ्लशिंग ऑइल घालून इंजिन चालवलं की सुटलेला गाळ बारीक मार्गांमध्ये जाऊन बसण्याची भीती असते. पंप उघडून फीलर गेजने मोजा. एमजीबीच्या पंपाला रोटरच्या पाकळ्यांमधली फट ०.००६ इंचापर्यंत, वरच्या तोंडाशी ०.००५ पर्यंत आणि बाहेरचा रोटर व बॉडी यांच्यामध्ये ०.०१० पर्यंत चालते. तोंडाची झीज सपाट काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून घासता येते. बाकीची झीज असेल तर पंप बदलावा.

चेंबर उघडा आहेच, तर बिगेंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची, एक-दोन बेअरिंगं काढून बघायला काय हरकत आहे? शेलवरचा राखाडी थर जाऊन खालचा तांबूस रंग दिसू लागला असेल तर ती संपली. उभे ओरखडे कचऱ्याची साक्ष देतात. फट मोजायला प्लास्टिगेजचा धागा ठेवून कॅप ठरलेल्या ताकदीने आवळायची, उघडायची आणि चपटा झालेला धागा पट्टीवर ताडायचा. शाफ्टच्या व्यासाच्या दर इंचामागे एक हजारांश इंच हा जुना नियम इथे चालतो, म्हणजे दोन इंची शाफ्टला ०.००२ इंच. कानाचीही मदत घ्या. मेन बेअरिंग भाराखाली खोल घुमतं. बिगेंड ॲक्सिलरेटर सोडताना ठोकतं, आणि त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली की ठोका मंदावतो.

शाफ्टचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, मायक्रोमीटरने तीन-चार दिशांनी मोजल्याशिवाय नवी शेल टाकू नयेत. जर्नल लंबगोल झाला असेल तर नवं बेअरिंगही फार काळ टिकणार नाही. मग ग्राइंडिंग आलं: दहा, वीस, तीस, चाळीस हजारांश अंडरसाइज. आधीच्या मालकाने ते कितीपर्यंत नेलं आहे ते शेलच्या पाठीवर कोरलेलं असतं. ग्राइंडिंगनंतर शाफ्टमधली तिरपी ऑइलची भोकं तारेच्या ब्रशने आणि दाबाच्या हवेने साफ झाली की नाही, हे मालकाने स्वतः उभं राहून बघावं. तिथे राहिलेली धूळ नवी बेअरिंगं खाते.

आणि कॅमशाफ्टची बेअरिंगं! मेन आणि बिगेंड नवी टाकूनही काटा न सुधारण्यामागे बहुधा हीच असतात. ती बसवायला वेगळी हत्यारं लागतात, बसवल्यावर मापाला आणावी लागतात, म्हणून ‘ती चालतात’ असं म्हणून सोडली जातात. रॉकर शाफ्टचंही तेच. टॅपेट कव्हर काढून आयडलला बघा: रॉकरमधून ऑइल भळाभळा वाहत असेल तर तिथली झीज तुमचं प्रेशर खाते आहे, आणि ती दुरुस्ती इंजिन न उतरवता होते.

वाढलेल्या प्रेशरची तक्रार कमी येते, कारण चढा काटा बघून लोक सुखावतात. पुण्याच्या जानेवारीतल्या सकाळी थंड बी-सिरीज इंजिनाने ७० पौंड दाखवणं ठीकच. पण पूर्ण गरम झाल्यावर आयडललाही काटा तिथेच चिकटून असेल तर व्हॉल्व्ह मिटलेल्या अवस्थेत अडकला आहे, किंवा कोणी कडक स्प्रिंग घातली आहे, किंवा गेजच्या पुढे कुठेतरी मार्ग बंद आहे. शेवटची शक्यता घातक. गेजपर्यंत भरपूर ऑइल आहे, पलीकडे रॉकर कोरडे पडले आहेत आणि काटा मात्र चांगली बातमी देतो आहे. म्हणून चढ्या प्रेशरला टॅपेट कव्हर उघडून वर ऑइल पोचतंय का हे आधी बघावं. अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे थंडीत फिल्टरचं गॅस्केट फुटलं तर काही मिनिटांत चेंबर रिकामा होतो.

दुरुस्तीनंतरचं पहिलं स्टार्ट हा या कामातला सर्वांत नाजूक क्षण आहे. कोरडा पंप ऑइल ओढत नाही, म्हणून बसवताना तो पेट्रोलियम जेलीने भरून घ्यावा आणि फिल्टरही शक्य असेल तर भरूनच लावावा. बी-सिरीजमध्ये पंप आणि डिस्ट्रिब्युटर वेगवेगळ्या गिअरवर चालतात, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिल लावून पंप फिरवता येत नाही. चारही प्लग काढून स्टार्टरने थोड्या थोड्या वेळाने इंजिन फिरवत राहायचं आणि काटा उचलला की मगच प्लग लावायचे. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, आणि काढलेला फिल्टर फेकण्याआधी कापून त्याचा कागद उन्हात उलगडा. चुंबकाला चिकटणारे कण पोलादी भागांचे, न चिकटणारे तांबूस कण बेअरिंगचे. पहिल्या बदलीत थोडे दिसणं ठीक आहे. दुसऱ्या बदलीतही तेवढेच दिसले तर चेंबर पुन्हा उतरवावा लागेल.